गिरणी बंद, अख्खं गाव ब्लॅकपूलला
ब्लॅकपूल म्हटलं की सगळे १८९४ चा टॉवर दाखवतात. पण ते गाव मोठं केलं ते १८४६ ला आलेल्या रेल्वेनं आणि गिरणी कामगारांनी. लँकेशायरच्या कापड गिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद असायच्या, तेव्हा बॉयलरची दुरुस्ती चाले. याला ‘वेक्स वीक’ म्हणत. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, म्हणून ब्लॅकपूल उन्हाळाभर भरलेलं. गंमत म्हणजे या सुट्टीचा पगार मिळत नसे! कामगार वर्षभर पेनी-पेनी साठवायचे. किनाऱ्यावर शेजारीही आपल्याच गल्लीतले. पगारी रजेचा कायदा १९३८ साली झाला. पुढे स्पेनच्या सहली स्वस्त झाल्या, गिरण्याही बंद पडल्या. टॉवर आजही आहे. गावानं मिळून सुट्टीला जाणं मात्र राहिलं नाही.