दुसरी चिठ्ठी

भंडाऱ्याची 1954 ची पोटनिवडणूक म्हटली की सगळ्यांना बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव आठवतो. ती निवडणूक लागली बिडीमुळे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. 1952 ला चतुर्भुज जसानी इथून काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. मूलजी सिक्का अँड कंपनी या बिडीच्या पेढीत ते भागीदार होते, आणि सैन्याच्या कँटीनला बिड्या पुरवण्याचा त्या पेढीचा सरकारशी करार होता. सरकारी करारात ज्याचा हितसंबंध, त्याला उमेदवारी बंद, असा कायदा. शिवाय राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज बाद केला गेला होता. ते महानुभाव पंथात गेले, तेव्हा आता महार नाहीत, असं कारण देऊन. फेब्रुवारी 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या आणि अख्खी निवडणूकच रद्द केली.

आता त्या बिड्या वळत होतं कोण? आमच्या आजीसारख्या बाया. पवनीच्या बाजूचं वैनगंगाकाठचं गाव, दारात पसरलेलं सूप, त्यात जर्दा, ओली करून ठेवलेली तेंदूची पानं आणि पानं कापायचा पत्र्याचा साचा. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, नखानं तोंड दुमडून दोरा मारायचा. बोलता बोलता हात चालू. संध्याकाळी सट्टेदाराकडे, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडे, माल घेऊन जायचं. तो मूठभर बिड्या उचलून बघायचा आणि वाटेल तेवढ्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही मिळत नसे. 'त्या छाटीच्या बिड्या कोन ओढे, मले नोको सांगू,' असं म्हणून आजी हसायची.

तिच्या तोंडून मी ऐकलेली पहिली राजकीय गोष्ट म्हणजे यादीत नाव लिहून घ्यायला माणूस आला ती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना देशात कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला, आणि सुमारे आठ कोटी महिला मतदारांपैकी 28 लाखांच्या आसपास बायका यादीबाहेर राहिल्या. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या. आमच्या आजीनं मात्र नाव सांगितलं, आणि लिहिणाऱ्यानं ते चुकीचं लिहिलं तेव्हा दुसऱ्यांदा सांगितलं. आबाजी, म्हणजे आजोबा, ओट्यावर होते, त्यांना ते रुचलं नाही. पण तिची मोठी बहीण 1942 च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेला जाऊन आली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, स्वतः बाबासाहेब बोलले होते, आणि काडीमोडाचा हक्क बाईलाही हवा, असा ठराव तिथं झाला होता. त्या बहिणीनं गावात येऊन काय काय सांगितलं असेल कोण जाणे. आबाजी त्यानंतर बायकोच्या नावावरून वाद घालत नसत, एवढं खरं.

आता मतदानाची तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. मतदारसंघ दुहेरी: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं, म्हणजे दोन चिठ्ठ्या. शिक्का मारायचा नाही. ज्याला मत द्यायचं त्याच्या चिन्हाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई. राखीव जागेवर बाबासाहेबांचा हत्ती, समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर बाबासाहेबांच्या जोडीला प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता, झोपडीवाले.

मग बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला. आपले लोक मेहतांना मत देतील, पण मेहतांचे लोक हत्तीच्या पेटीकडे जातील याची हमी कोण देणार? त्यापेक्षा एक चिठ्ठी हत्तीला देऊन दुसरी वायाच घालवावी. जुनी माणसं सांगतात, बाबासाहेबांनी हे साफ नाकारलं: मी घटना लिहिली, मत कुजवा असं माझ्या तोंडून निघणार नाही. मला यात नुसतं तत्त्व दिसत नाही, ताजी जखमही दिसते. 1952 ला मुंबईत नारायण काजरोळकरांकडून ते हरले, तेव्हा 74,333 मतं वाया गेली होती, आणि त्याविरुद्ध मेहतांसोबत त्यांनीच निवडणूक याचिका केली होती. ज्याची तक्रार मुंबईत केली, तेच भंडाऱ्यात करायला कसं सांगणार?

मतदान मे महिन्यात. तेंदूच्या तोडणीचा हंगाम. पहाटे जंगलात जाऊन आलेल्या, पुडके बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, घातलेल्या बाया तशाच उन्हातून मतदानाला गेल्या. निकाल लागला. मेहता जिंकले. बाबासाहेब 8,381 मतांनी पडले.

आबाजी ही गोष्ट नेहमी बाबासाहेबांच्या मोठेपणावर संपवायचे. आजीला ते पटायचं नाही. 'त्याईनं सांगतलं, बरोबर हाय. पन झोपडीच्या पेटीत जाऊन टाकलं कोनं? आमीच ना!' मला वाटतं, इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा तिचं म्हणणं वस्तुस्थितीला जास्त धरून आहे. नेत्यानं नकार दिला तो सभेत. त्या नकाराची किंमत मोजली ती पडद्यामागे एकट्या उभ्या असलेल्या बाईनं, जिला दुसरी चिठ्ठी पदरात लपवून घरी नेता आली असती. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून ज्या माणसानं 1951 ला मंत्रिपद सोडलं, तो लोकसभेत जावा असं तिला वाटत नव्हतं का? सट्टेदाराची छाट आयुष्यभर सोसलेल्या बाईनं आपल्या हातानं आपल्याच मताची छाट करायची नाही, असं ठरवलं होतं, बस. दुहेरी मतदारसंघ 1961 च्या कायद्यानं गेले, दुसरी चिठ्ठी गेली, पण आमच्या घरातला हा वाद आबाजी वारले तरी मिटला नाही.

2018 ला पुन्हा मे महिन्यात भंडारा-गोंदियाची पोटनिवडणूक लागली. 28 तारखेला जागोजागी मतदान यंत्रं बंद पडली, उन्हानं पडली असं सांगण्यात आलं. 30 तारखेला 49 केंद्रांवर फेरमतदान झालं. आत्या तेव्हा सत्तरीच्या पुढची. यंत्र सुरू होईपर्यंत ती केंद्रावरच्या कडुनिंबाखाली बसून राहिली आणि मत देऊनच उठली. तिच्यासोबत गेलेल्या शेजारणी मात्र चुलीचं बघायचं म्हणून दुपारीच परतल्या होत्या. त्यांच्यासाठी आत्या दुसऱ्या दिवशी चौकशीला गेली, पण फेरमतदानाच्या यादीत आमचं केंद्र नव्हतं. दुपारी परत गेलेल्यांची नावं कुठं लिहून ठेवता का, असं तिनं तिथल्या बाबूला विचारलं. तशी काही वही नसते, असं त्यानं सांगितलं. मग तिनं नातीच्या शाळेच्या वहीत ती नावं लिहून घेतली, प्रत्येकीचं पूर्ण नाव.