अनोतत्त सरोवर आणि कैलास-यात्रेचा विचार

पालि साहित्याच्या अभ्यासकाला ‘अनोतत्त’ हे नाव अपरिचित नाही. तथापि या नावाचे सरोवर भूगोलात नेमके कोठे आहे, हा प्रश्न आजवर आपल्या अभ्यासवर्गात कोणी गांभीर्याने विचारला नव्हता. तो विचारला गेला त्याला निमित्त घडले कैलास-मानससरोवर यात्रेचे. २०२० पासून बंद असलेली ही यात्रा २०२५ साली पुन्हा सुरू झाली आणि आमच्या वर्गातील काही उपासकांनी अर्ज करण्याचा विचार बोलून दाखविला. लगेच दुसऱ्या बाजूने आक्षेप आला. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ज्यांची पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे, त्यांनी शंकराच्या डोंगराला प्रदक्षिणा घालावी काय? त्यावर तिसऱ्या एका बांधवाने आवेशाने सांगितले, “कैलास मुळात बौद्धांचाच आहे, तो आपल्यापासून हिरावून घेतला गेला.” प्रस्तुत लेखकास हे दोन्ही पक्ष घाईचे वाटले. म्हणून प्रथम ग्रंथ काय सांगतात ते पाहू.

अंगुत्तरनिकायातील सत्तसुरियसुत्तात हिमवंतातील सात महासरोवरांची नावे येतात. अनोतत्त, सीहपपात, रथकार, कण्णमुण्ड, कुणाल, छद्दन्त व मंदाकिनी ही ती सात. अट्ठकथाकारांनी यांपैकी अनोतत्ताचे वर्णन विस्ताराने केले आहे. सुदस्सन, चित्त, काळ, गंधमादन व केलास अशी पाच शिखरे या सरोवराला वेढून आहेत आणि त्यांचे माथे कावळ्याच्या चोचीप्रमाणे आत वाकलेले आहेत. त्यामुळे सूर्य-चंद्राचे किरण पाण्यावर सरळ पडत नाहीत, पाणी तापत नाही, म्हणून ते ‘अनोतत्त’, संस्कृतात ‘अनवतप्त’. केलास हे त्यांतील रुपेरी शिखर. सरोवराला सिंहमुख, हस्तिमुख, अश्वमुख व वृषभमुख अशी चार मुखे असून त्यांतून चार नद्या निघतात. दक्षिणेकडून निघणारा प्रवाह सरोवराला तीन वेढे घालून, आकाशातून व भूमीच्या पोटातून वाट काढीत, शेवटी गंगा, यमुना, अचिरवती, सरभू व मही या पाच नद्यांत विभागतो, असे अट्ठकथा सांगते. वसुबंधूनेही अभिधर्मकोशात हिमवान व गंधमादन यांच्यामध्ये पन्नास योजने रुंदीचे अनवतप्त ठेवले आहे आणि ऋद्धी नसलेल्या माणसाला तेथे जाता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

हे शेवटचे विधान लक्षात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

अनोतत्ताच्या कथा तिपिटकात व अट्ठकथांत अनेक आहेत. उरुवेल कस्सपाच्या महायज्ञाच्या दिवशी त्याची अडचण ओळखून तथागत उत्तरकुरूला भिक्षेस गेले आणि अनोतत्ताच्या काठी भोजन केले, असे महावग्गात आहे. निदानकथेत महामायेच्या स्वप्नात चार महाराज तिला हिमालयात नेतात व अनोतत्तात तिला स्नान घडते. महावंसात अशोकासाठी देव रोज या सरोवरातून आठ कावडी पाणी आणीत, असे वर्णन आहे. भगवंतांच्या शिष्यांनी या सरोवराकाठी आपापल्या पूर्वकर्मांची गाथा गायिली, ही कल्पना तर इतकी लोकप्रिय होती की ‘अनवतप्त-गाथा’ या नावाची स्वतंत्र रचनाच झाली. तिची गांधारी भाषेतील, भूर्जपत्रावरची खंडित हस्तलिखिते रिचर्ड सॅलोमन यांनी २००८ साली संपादून प्रसिद्ध केली.

या सर्व कथांत मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती धम्मपद-अट्ठकथेतील सुमन सामणेराची. थेर अनुरुद्धांना पोटात वाताचा विकार झाला. अनोतत्ताच्या पाण्याने तो शमणार होता. अवघ्या सात वर्षांचा सुमन घडा घेऊन निघाला. सरोवरावर पन्नक नागराजाची सत्ता. त्याने फणा पसरून सारे पाणी झाकले आणि पाणी देण्यास नकार दिला. पोराने माघार घेतली नाही. नागराजाला नमवून त्याने घडा भरला व गुरूंसाठी औषध आणले. पुढे भगवंतांनी त्या बालकाला उपसंपदा दिली. तळ्यावर बसून पाणी अडविणारा सत्ताधीश आणि घडा घेऊन उभे असलेले पोर, हे चित्र महाडची स्मृती बाळगणाऱ्या वाचकाच्या मनात काय जागे करील ते सांगावयास नको. परंतु येथे एक भेद आहे. सुमनाला हवे होते ते औषध. त्या पाण्याने कोणी पवित्र होईल असा दावा कथेत कोठेही नाही. आणि २५ डिसेंबर १९२७ च्या महाडच्या भाषणात बाबासाहेबांनीही हेच सांगितले होते की, चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नाही. तळ्यावर जावयाचे ते आपणही इतरांप्रमाणे माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे अनोतत्त म्हणजेच तिबेटातील मानससरोवर काय?

मानससरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटर उंचीवर आहे व त्याचा घेर सुमारे ८८ किलोमीटर भरतो. उत्तरेस कैलास ६,६३८ मीटर उंच उभा आहे. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्नाली या चार मोठ्या नद्या याच प्रदेशात उगम पावतात, हे खरोखर आश्चर्यकारक आहे, आणि तिबेटी परंपरेने त्यांना अनुक्रमे सिंह, हत्ती, अश्व व मोर यांच्या मुखातून निघालेल्या म्हटले आहे. अट्ठकथेतल्या बैलाच्या जागी तेथे मोर आला आहे. परंतु यांपैकी सिंधू कैलासाच्या उत्तरेस, तर ब्रह्मपुत्रा पूर्वेस बरीच दूर हिमनद्यांतून निघते. स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने १९०७-०८ मध्ये या उगमांचा शोध घेतला होता. गंगा तर येथून निघतच नाही; तिचा उगम हिमालयाच्या दक्षिण अंगाला, गंगोत्रीच्या हिमनदीत आहे. पन्नास योजनांच्या सरोवराशी मानससरोवराचा मेळ बसत नाही. यावरून एवढेच म्हणता येते की, पर्वतापलीकडे एक मोठे थंड सरोवर आहे व त्या बाजूने नद्या येतात, ही ऐकीव माहिती फार प्राचीन काळापासून मैदानात पोहोचली असावी आणि तिच्यावर विश्वरचनेची कल्पना उभी राहिली असावी.

हा संशय केवळ आधुनिकांचा आहे असे कोणी समजू नये. तेराव्या शतकात खुद्द तिबेटात यावर मोठा वाद झाला. तिबेटी परंपरेत या पर्वताला ‘तिसे’ किंवा ‘गांग रिंपोछे’ म्हणजे हिमरत्न म्हणतात. अकराव्या-बाराव्या शतकांतील योगी मिलारेपा याने बोन संप्रदायाच्या नारो-बोनछुंगशी येथे सामर्थ्याची स्पर्धा केली व पर्वत जिंकला, अशी आख्यायिका आहे. पुढे द्रिगुंग परंपरेच्या साधकांनी गुहांतून वस्ती केली, आणि गोत्सांगपा (११८९-१२५८) याने प्रदक्षिणेचा मार्ग ‘उघडला’ असे मानतात. अशा वेळी, १२३२ च्या सुमारास, साक्य पंडित कुंगा ग्याल्त्सेन याने आपल्या ‘त्रिसंवर-प्रविभेद’ या ग्रंथात परखड प्रश्न केला. ग्रंथांत वर्णिलेला हिमवान, तेथील अनवतप्त, तेथील जंबुवृक्ष यांपैकी तिसेपाशी काय आहे? ऋद्धीवाचून जेथे जाता येत नाही असे शास्त्र म्हणते, तेथे सामान्य यात्रेकरू पायी जातात, तर मग ते हेच स्थान कसे? द्रिगुंगपंथीयांनी याला उत्तरे दिली आणि वाद पुढील काही शतके चालत राहिला. यात्रा मात्र थांबली नाही.

साक्य पंडित हा धर्माचा विरोधक नव्हता. आपल्या काळातील तो एक अग्रगण्य बौद्ध आचार्य होता. आपल्याच परंपरेतील लोकप्रिय श्रद्धेला ग्रंथाचा व प्रत्यक्षाचा निकष लावण्याचे धैर्य त्याने दाखविले. आपल्यातील काही उत्साही मंडळी प्रत्येक टेकडी व प्रत्येक मंदिर ‘मूळचे बौद्ध’ ठरविण्याच्या मागे असतात. पुष्कळ ठिकाणी त्यांचे म्हणणे खरेही निघते. परंतु पुरावा नसताना केलेला दावा हा पुरावा असलेल्या दाव्यालाही दुबळा करतो. कैलासाबाबत इतकेच म्हणणे न्याय्य आहे की, हा पर्वत बौद्ध, हिंदू, जैन व बोन या चौघांच्याही श्रद्धेचा विषय आहे आणि निदान आठशे वर्षे बौद्धांचा तेथे राबता आहे. १९५४ च्या भारत-चीन करारातही यात्रेच्या कलमात लामापंथी, हिंदू व बौद्ध अशा तिन्ही यात्रेकरूंचा स्पष्ट उल्लेख आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तो करार १९६२ साली संपला, यात्रा बंद पडली व १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाली. दरम्यान सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कैलास-मानसच्या काठचे गोंपा उद्ध्वस्त झाले. आज दिसतात त्यांतील बहुतेक १९८० नंतर पुन्हा उभारलेले आहेत.

मग जावे की न जावे? महापरिनिब्बानसुत्तात श्रद्धावानाने पाहावयाची चार स्थाने सांगितली आहेत: लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ व कुशीनारा. कैलास त्यांत नाही. धम्मपदाच्या बुद्धवग्गात तर भयाने ग्रासलेली माणसे पर्वत, वने व वृक्ष यांना शरण जातात, पण ते शरण क्षेमाचे नव्हे, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणून शरण म्हणून, पापक्षालन म्हणून किंवा नवस म्हणून जाणाऱ्याने जाऊ नये, हे माझे मत आहे. थेरीगाथेतील पुण्णिकेची आठवण येथे ठेवावी. ती दासी होती. मालकिणीच्या माराच्या भयाने थंडीत नदीवर पाणी भरावयास जात असे. त्याच नदीत काकडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे व साप आधी स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल. ब्राह्मणाने आपली चूक मान्य केली. तो तिच्या सांगण्यावरून बुद्धाला शरण गेला. परंतु इतिहास पाहावा, मिलारेपाची गुहा पाहावी, साक्य पंडिताचा प्रश्न त्या डोंगरासमोर उभे राहून स्वतःला विचारावा, या हेतूने जाण्यास कोणती प्रतिज्ञा आड येते, हे मला दिसत नाही. जपानी भिक्षू एकाई कावागुची १९०० साली वेष पालटून तेथे गेले ते ग्रंथांच्या शोधातच.

ज्यांनी जाण्याचे ठरविले आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. सरकारी यात्रा परराष्ट्र मंत्रालयामार्फत होते व निवड संगणकीय सोडतीने होते. २०२५ साली लिपुलेख मार्गाने पन्नास जणांच्या पाच व नाथू-ला मार्गाने दहा तुकड्या ठरल्या होत्या, म्हणजे सारे मिळून ७५०. त्या वर्षी खर्च लिपुलेखने माणशी सुमारे १ लाख ७४ हजार, नाथू-लाने सुमारे २ लाख ८३ हजार होता. वयाची अट १८ ते ७० अशी आहे. उंचीच्या मानाने वजन ठरल्यापेक्षा अधिक असेल तर दिल्लीतील वैद्यकीय तपासणीत नाव वगळले जाते. आमच्या वर्गातील एका उत्साही गृहस्थांना हे सांगताच त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पहाटे चालावयास प्रारंभ केला. तपासणीला हसू नये. परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची, तीन दिवसांची आहे. दुसऱ्या दिवशी द्रिरापुकहून निघून ५,६३० मीटर उंचीची डोल्मा-ला खिंड ओलांडावी लागते आणि तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. डोके जड होणे, ओकारी येणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली की श्रद्धा बाजूस ठेवून खाली उतरावे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मालपा येथे दरड कोसळून साठ यात्रेकरूंसह दोनशेहून अधिक माणसे गेली, हेही विसरू नये. आता लिपुलेखपर्यंत रस्ता झाल्याने पायपीट पुष्कळ कमी झाली आहे. पण त्यामुळेच माणूस वेगाने उंचीवर पोहोचतो व शरीराला सवय होण्यास अवधी मिळत नाही. गुंजीचा मुक्काम म्हणूनच टाळू नये.

२०२६ हे तिबेटी पंचांगाप्रमाणे अश्ववर्ष आहे. या वर्षीच्या एका परिक्रमेला अनेक परिक्रमांचे पुण्य मानतात, त्यामुळे तिबेटी यात्रेकरूंची गर्दी असणार. ते डोंगर उजव्या हाताला ठेवून चालतात. बोनपंथीय उलट दिशेने येतात, आणि एकाच वाटेवर दोघे एकमेकांना सामोरे जातात. आमच्या वर्गातील दोघांनी अर्जाची कागदपत्रे जुळविली आहेत. त्यांना मी एकच काम सांगितले आहे. झुत्रुलपुकच्या गुहेत दिवा कमी असतो, तेव्हा विजेरी न्यावी, आणि मिलारेपाच्या पंजाची खूण म्हणून जी दाखवितात ती पाहून, आपल्याला काय दिसले ते तसेच्या तसे वहीत लिहून आणावे.