चुलीखालचा समुद्र

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. वसईचे नाव निघाले आणि चिमाजीअप्पांची १७३९ सालची मोहीम आठवली नाही, असा मराठी माणूस विरळा. परंतु वसईच्या नावाने आणखी एक मोठे प्रकरण घडले आहे. ते कोणत्याही बखरीत नाही. ते घडले भर समुद्रात, आणि त्याचा धागा आमच्या चारकोपच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

चारकोप हे कांदिवलीच्या पश्चिमेचे, खाडी आणि तिवरांच्या कडेचे जुने गाव. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने येथे लहान भूखंडांची वसाहत उभी राहिली, आणि आमच्यासारखी मध्यम व गरीब कुटुंबे येऊन राहिली. त्या काळी घरोघर घासलेटचा स्टोव्ह फरफरत असे. पुढे सिलिंडर आला. १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि कालांतराने भिंतीवरून पिवळा नळ घरात शिरला. नळाने पाणी येते हे ठाऊक होते. नळाने आगही येते, याचे आमच्या घरातील म्हाताऱ्या माणसांना कोण अप्रूप वाटले!

हा वायू येतो कोठून, हे पाहू लागलो तेव्हा फार मागे जावे लागले. १९५६ साली केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. साठीच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने आपल्या लोकांनी खंबायतच्या आखातापासून मुंबईसमोरच्या समुद्रापर्यंत तळाची पाहणी केली. पाण्यात स्फोट घडवायचा आणि खडकांच्या थरांवरून परतणारा नाद टिपायचा, ही त्यांची रीत. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तळाखालचे थर उंचावलेले आढळले. म्हणून त्या जागेचे नाव पडले ‘बॉम्बे हाय’.

जपानात बांधलेले ‘सागर सम्राट’ हे खोदकामाचे जहाज १९७३ साली आले. हे जहाज मोठे विलक्षण. ठिकाणावर पोहोचले की ते आपले पोलादी पाय तळापर्यंत सोडते आणि स्वतःला लाटांच्या वर उचलून धरते. ३१ जानेवारी १९७४ रोजी खोदकाम सुरू झाले आणि १९ फेब्रुवारीला चुनखडीच्या खडकात तेल लागले. अरबांनी तेलाचे भाव चौपट केल्याला तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते. म्हणजे ही वार्ता देशाला किती गोड लागली असेल, त्याची वाचकांनीच कल्पना करावी.

तेल सापडणे वेगळे आणि ते घरी आणणे वेगळे. त्यासाठी समुद्रात प्लॅटफॉर्म उभारावे लागतात. किनाऱ्यावर पोलादी नळ्यांचा प्रचंड सांगाडा जोडायचा, तो तराफ्यावरून नेऊन समुद्रात उभा करायचा, त्याच्या पायांतून तळात खोल खांब ठोकायचे आणि मग माथ्यावर मजले चढवायचे. असे सांगाडे आपल्या माझगाव गोदीनेही बांधले. एका प्लॅटफॉर्मवर विहिरींची तोंडे, दुसऱ्यावर तेल, वायू आणि पाणी वेगळे करणारी पिंपे, तिसऱ्यावर माणसांची वस्ती, मध्ये पूल. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. प्रथम तेल जहाजाने येई आणि वायू तेथेच जाळून टाकावा लागे. १९७८ साली उरणपर्यंत समुद्रतळावरून नळ पडले, तेव्हा कोठे तो वायू कामी येऊ लागला.

वसईचे क्षेत्र सापडले १९७६ साली, बॉम्बे हायपेक्षा किनाऱ्याच्या जवळ. ते मुख्यतः वायूचेच. पण या वायूत गंधकाचा विषारी अंश होता. साधे पोलाद तो खाऊन टाकी. म्हणून खास नळ, खास यंत्रे करावी लागली आणि १९८८ साली तेथील उत्पादन सुरू झाले. हा वायू हजिऱ्याला जाऊन शुद्ध होतो आणि तेथून पार उत्तर हिंदुस्थानातील खतांच्या कारखान्यांपर्यंत पोहोचतो. वसईचे नाव पुन्हा एकदा उत्तरेत गेले ते असे!

या वैभवाची किंमतही सांगितली पाहिजे. २६ जुलै २००५ चा पूर कोणता मुंबईकर विसरेल? पण दुसऱ्याच दिवशी बॉम्बे हायवर काय झाले, हे किती जणांना आठवते? जखमी स्वयंपाक्याला उतरवण्यासाठी आलेले जहाज खवळलेल्या समुद्रात प्लॅटफॉर्मच्या वायुनळावर आदळले. क्षणात आग भडकली आणि काही तासांत तो प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. ३६२ माणसे वाचली, २२ गेली. पुढे १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हे कामगारांचे बार्ज बुडाले. नौदलाने रात्रंदिवस झटून १८० हून अधिक लोकांना वाचवले, तरी या बार्जवरची आणि ‘वरप्रदा’ या बोटीवरची मिळून ८० हून अधिक माणसे दगावली. त्यांतले कित्येक कंत्राटी कामगार होते.

आता जुन्या विहिरींचा जोर ओसरतो आहे आणि परदेशातून द्रवरूप वायू आणावा लागतो. थकलेल्या ‘सागर सम्राट’चेही रूप पालटून २०२२ साली त्याला उत्पादनाच्या कामाला लावले आहे. समुद्रावर चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घर, असा तेथील अनेकांचा क्रम असतो. त्यात सण येवो की सूतक, विहिरी थांबत नाहीत. आज आपण फराळाला बसलो असताना कोणीतरी तेथे रात्रपाळीला उभा असेल. त्याच्या घरची करंजी डब्यात राखून ठेवलेली असेल, आणि तो येईल तेव्हा दिवाळी कधीच उलटून गेलेली असेल.