शब्दवेध : रीबूट

मोबाइल अडकला की माणिकपूरच्या दुकानांत सहज कानावर पडणारा शब्द ‘रीबूट’. तोच शब्द जुलै 2025मध्ये जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ आला तेव्हा सिनेरसिकांच्या तोंडी होता.

शब्दाचे मूळ पायातल्या बुटातच आहे. उंच बूट पायात ओढून चढवण्यासाठी मागे शिवलेला पट्टा म्हणजे बूटस्ट्रॅप. हे पट्टे ओढून माणसाने स्वतःलाच वर उचलणे, हे एकोणिसाव्या शतकात अशक्य गोष्टीचे उदाहरण होते. संगणक मात्र ते करू लागला: छोटा प्रोग्राम मोठ्या प्रोग्रामला उठवतो. त्या क्रियेचे नाव ‘बूट’ झाले, आणि पुन्हा केली की ‘रीबूट’. पुढे कॉमिक्स आणि सिनेमाने हा शब्द उसना घेतला, जुन्या नायकाची कथा नव्याने सुरू करणे या अर्थाने.

‘सुपरमॅन’वरची चाहत्यांची प्रतिक्रियाही या अर्थाभोवतीच फिरते. कथा नव्याने सुरू व्हावी, पण जुनी ओळख पुसू नये! 2013च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये गेलेली सुपरमॅनची लाल चड्डी 2025मध्ये परतली, 1978च्या चित्रपटातली जॉन विल्यम्स यांची धूनही नव्या रूपात वाजली. जुन्या प्रेक्षकांना याचा आनंद होणे रास्तच.

मग रीबूटला मराठीत काय म्हणावे? ‘पुनर्निर्मिती’ म्हणजे रीमेक. तिथे कथा तीच राहते. रीबूटमध्ये नायक तोच, कथा पहिल्यापासून नवी. त्यासाठी मराठीत ‘नवा श्रीगणेशा’ चपखल बसतो. समीक्षकांनी तो बिनदिक्कत वापरावा.