बेडूक भांडगावचा, पुस्तक विलायतेचं

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की यवतच्या पुढे भांडगाव लागतं. उजव्या हाताला भुलेश्वरच्या डोंगराकडे चढत जाणारा माळ आणि डाव्या हाताला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, त्याच्या पलीकडे मुळा-मुठा. कोरडं आणि ओलं, दोन्ही एकाच शिवारात. माळावर कुसळी गवत, ससे, खोकड, क्वचित लांडगा. उसाच्या सऱ्यांत बेडूक, गांडुळं, खेकडे. मी या गावचा. पुढे सारी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. म्हणून विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाची गोष्ट मी विद्यापीठाच्या फाटकातून न सांगता आमच्या बांधावरून सांगणार आहे. तिथून ती जरा निराळी दिसते.

सुरुवात मात्र लंडनपासून करावी लागते. टी. एच. हक्सले हे नाव डार्विनचा खंदा पाठीराखा म्हणून आपल्याला माहीत असतं. पण आपल्या बी.एस्सी.वर त्यांचा खरा ठसा उमटला तो दुसऱ्याच कारणानं. १८७०नंतरच्या दशकात त्यांनी शाळामास्तरांसाठी जीवशास्त्राचे वर्ग चालवले. त्यांची पद्धत सोपी होती. सगळी सृष्टी शिकवता येत नाही, तर प्रत्येक गटातला एकेक नमुना निवडा आणि तो विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं उघडून पाहू द्या. १८७५ साली त्यांनी मार्टिन या आपल्या सहकाऱ्याबरोबर प्रात्यक्षिकांचं पुस्तक काढलं. यीस्ट, बुरशी, नेचे, शेंगेचं एक झाड, अमीबा, हायड्रा, शिंपला, क्रेफिश आणि शेवटी बेडूक, अशी त्यातली यादी. १८८८च्या सुधारित आवृत्तीत शेवटचा बेडूक उचलून पहिल्या जागी बसवला गेला. आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी बायॉलॉजी घेतलं, त्यांच्या प्रॅक्टिकलच्या वहीत ही यादी थोड्याफार फरकानं उतरलेली आहे. शंभर वर्षं ती तशीच चालली.

हक्सलेंचा हेतू मोठा होता, हे आधी सांगून टाकतो. पुस्तकावर विसंबू नका, डोळ्यांनी बघा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी निवडलेले प्राणी इंग्लंडच्या तळ्यात, बागेत, बाजारात मिळणारे होते. मास्तरांनी दाराबाहेर जावं आणि ते उचलून आणावेत. आपल्याकडे आली ती यादी. दाराबाहेर जाणं तिकडेच राहिलं.

याचा परिणाम काय झाला, ते गांडुळावरून सांगतो. इंग्रजी पुस्तकातलं गांडूळ म्हणजे लुम्ब्रिकस. आपल्या मातीतलं नेहमीचं गांडूळ वेगळं, फेरेटिमा. विद्यार्थी वाचायचा एकाबद्दल आणि कापायचा दुसरंच. लखनौ विद्यापीठातले करम नारायण बहल यांनी हे गांडूळ नीट तपासलं, तेव्हा १९१९ साली एक वेगळीच गोष्ट पुढे आली. लुम्ब्रिकसच्या शरीरातलं टाकाऊ पाणी त्वचेवरच्या छिद्रांतून बाहेर पडतं. फेरेटिमात ते बऱ्याच अंशी आतड्यात सोडलं जातं, म्हणजे त्यातलं पाणी पुन्हा शोषून घेता येतं. पाण्याची काटकसर! ज्या तालुक्यात पावसाळ्यातही आभाळाकडे बघत बसावं लागतं, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बहल यांनी भारतीय प्राण्यांवर एकेक पुस्तिका काढायला सुरुवात केली. पहिली १९२६ साली, याच गांडुळावर. पुढे गोगलगाय, मुशी, जळू अशा पुस्तिका निघाल्या. मुशीवरची पुस्तिका थिल्लयमपलम या बाईंनी लिहिलेली आहे. त्या काळी एका स्त्रीनं असं काम केलं, याची आठवण वर्गात कुणी काढत नाही. मी काढत असे. भारतीय विद्यार्थ्याच्या हातात भारतीय प्राणी देण्याची ही चळवळच होती. स्वातंत्र्याच्या इतिहासात तिला दोन ओळी मिळायला हरकत नव्हती.

आता पुण्याकडे येऊ. इथे वनस्पतिशास्त्राला चांगली परंपरा होती. इथलं अभियांत्रिकी महाविद्यालय एके काळी ‘कॉलेज ऑफ सायन्स’ होतं. त्याचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तो आजही संशोधकाच्या टेबलावर असतो. तिथेच शिकवणाऱ्या वुड्रो यांनी गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाची देखभाल केली आणि पश्चिम भारतातल्या झाडांची यादी छापली. आपल्या माणसांत शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव घ्यायला हवं. मालवणचा जन्म. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना त्यांनी पश्चिम घाटातल्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधून काढला. जेलीफिश समुद्रात असतो, हे पुस्तकाचं सांगणं. आघारकर नदीवर गेले म्हणून त्यांना तो सापडला. पुढे कलकत्त्याला प्राध्यापकी करून ते परत आले आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. आज त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला विद्यापीठाला मिळाला. पहिल्या वर्षी संलग्न महाविद्यालयं १८ होती. तोवर आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी बांधलेली होती. आपलं विद्यापीठ झालं, तेव्हा आपली झाडं-झुडपं, आपले प्राणी अभ्यासक्रमात मुख्य होतील असं कुणालाही वाटलं असतं. संशोधनात ते झालं. पदवीच्या वर्गात मात्र ‘टाइप’ची यादी हलली नाही.

त्याचं एक कारण अगदी व्यावहारिक होतं. बायॉलॉजी घेणाऱ्या दहांतल्या नऊ मुलांना डॉक्टर व्हायचं असे. ‘ए ग्रुप’ म्हणजे गणित, इंजिनिअर; ‘बी ग्रुप’ म्हणजे जीवशास्त्र, डॉक्टर. शरीररचना पाठ करून मेडिकलला जायचं, एवढाच जीवशास्त्राचा उपयोग. ज्यांना मेडिकल मिळत नसे, ते बी.एस्सी.ला. म्हणजे पदवीचा वर्ग हा डॉक्टरकीच्या दारातून परतलेल्यांचा वर्ग. अशा वर्गासमोर माळावरच्या गवताची थोरवी गायची म्हणजे लग्न मोडलेल्या घरी सनई वाजवण्यासारखं.

मी पदवीला गेलो ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. खुटबावला गाडी धरायची, पुण्याला उतरायचं. शाळा मराठीतली, कॉलेजात सगळं इंग्रजी. ‘एस्टिव्हेशन’ हा शब्द मी पाठ केला. बेडूक उन्हाळ्यात जमिनीत गडप होतो आणि वळवाच्या पहिल्या पावसाला वर येतो, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवायला मात्र कुणी सांगितलं नाही. विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची मराठी पुस्तकं निघाली, भाषा संचालनालयानं परिभाषा कोश केले. कष्टानं केलेली कामं आहेत ती. पण परीक्षा इंग्रजीत, त्यामुळे पुस्तकं कपाटात.

आमच्या गावाचा आणि बी.एस्सी.चा थेट संबंध एकच होता. तो पोत्यातून जायचा. पावसाळा लागला की काही माणसं रात्री बत्ती घेऊन ओढ्याकडेनं, सऱ्यांतून बेडूक धरायला निघत. गोणपाटात भरून सकाळच्या गाडीनं माल रवाना. काही कॉलेजांच्या प्रयोगशाळांना, काही परदेशी तंगड्यांच्या व्यापाराला. मोठा बेडूक, त्याचं तेव्हाचं शास्त्रीय नाव राना टायग्रिना. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला हा बेडूक करड्या रंगाचा, मलूल दिसतो. पहिल्या पावसात डबक्याशी ओरडणारा याच जातीचा नर हळदीसारखा पिवळा असतो आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवतो. असला रंग आपल्या शिवारात दुसऱ्या कशाला नाही. व्हायव्हाला आम्हाला बेडकाच्या हृदयाचे कप्पे विचारत. तो ओरडतो कधी आणि कशासाठी, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

बेडूक कमी झाले तसे शेतातले किडे वाढले, अशी तक्रार देशभर होऊ लागली. १९८७ साली सरकारनं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. कॉलेजातली कापाकापी पुढे बरीच वर्षं चालली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ साली ती कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली ती थांबवायला सांगितलं. माझ्या काही सहकाऱ्यांना ते पटलं नाही. हात चालवल्याशिवाय प्राणिशास्त्र येत नाही, असं ते म्हणत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी मी बंदीच्या बाजूचा. चाळीस मुलांनी चाळीस बेडूक मारून जे उमगतं, ते एका बेडकाकडे पावसात तासभर बघून त्याहून जास्त उमगेल. अडचण अशी झाली, की ट्रे गेला आणि त्या जागी संगणकावरचा बेडूक आला. डबक्यापर्यंत तरीही कुणी गेलं नाही.

मधल्या काळात वारं फिरलं. सूक्ष्मजीवशास्त्र आलं, मग जैवतंत्रज्ञान. केंद्र सरकारचा त्यासाठीचा विभाग १९८६ साली निघाला आणि २०००नंतर कॉलेजाकॉलेजांतून या पदव्यांचे फलक लागले. याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. आमच्याच रस्त्यावर हडपसरला १९६६पासून सीरम इन्स्टिट्यूट आहे. करोनाच्या साथीत तिथल्या लशीचं नाव घरोघर पोचलं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलाला काम मिळतं, हे खेड्यातल्या बापाला दिसलं, ही मोठी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशावरून पुढे पर्यावरणाचा विषयही सर्व शाखांना सक्तीचा झाला. त्याचे प्रकल्प बहुधा आदल्या वर्षीच्या मुलाच्या वहीतून उतरतात, एवढं सांगून पुढे जातो.

राहिला माळ. वनस्पतिशास्त्राची सहल महाबळेश्वरला जाते, प्राणिशास्त्राची कोकणात समुद्रावर. दोन्ही योग्यच. पण दौंड, बारामती, इंदापूरच्या मुलांची बस माळ ओलांडूनच तिथे पोचते. सरकारी कागदांत या जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. भांडगावहून फार लांब नाही, सुप्याला १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं. अवघं पाच चौरस किलोमीटरचं. ब्लॅटर आणि मॅकॅन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं पुस्तक १९३५ सालचं आहे. म्हणजे गवत अभ्यासायची सोय नव्वद वर्षांपासून होती. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघा संशोधकांनी २०२५ साली एक लेख छापला. जुने मराठी ग्रंथ, लोकगीतं, दैवतकथा यांतले झाडांचे उल्लेख त्यांनी गोळा केले. त्यावरून असं दिसतं, की हा माळ जंगल तोडून झालेला नाही, तो शेकडो वर्षांपासून असाच माळ आहे. लोकगीतं वनस्पतिशास्त्राचा पुरावा म्हणून उभी राहिली, हे वाचून मला माझ्या आजीची आठवण झाली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं.

आता चार वर्षांची नवी पदवी आली आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५पासून लागू झाली. तिच्यात क्षेत्रीय प्रकल्पाला गुण आहेत, भारतीय ज्ञानपरंपरेलाही आहेत. ज्ञानपरंपरा म्हटलं की शिक्षक संस्कृत ग्रंथ शोधायला लागतात. माळावरचा मेंढपाळ पवन्या, मारवेल, कुसळी नुसत्या पात्यावरून ओळखतो, ते कुठल्या खात्यात घालायचं?

खरी अडचण कॅलेंडरची आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. गवताची जात ओळखायची तर ते फुलोऱ्यावर असावं लागतं. ते असतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा आमच्याकडे जर्नलं तपासून घ्यायची घाई आणि सत्र परीक्षा. बेडूक ओरडतात जून-जुलैत, तेव्हा प्रवेशाच्या याद्या लागत असतात. कॉलेज निवांत होतं दिवाळीनंतर. तोवर गवत वाळलेलं असतं आणि धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागलेले असतात. परीक्षा पंधरा दिवस पुढे-मागे करणं विद्यापीठाला जड नाही, निवडणुकांसाठी आपण त्या करतोच. नाहीतर निदान एक प्रॅक्टिकल प्रयोगशाळेबाहेर काढावं. सप्टेंबरच्या अखेरीस एखाद्या रविवारी, सकाळच्या पुणे-दौंड गाडीनं खुटबावला उतरायचं. भिंग, वही आणि पाण्याची बाटली, एवढं सामान पुरतं.