खांद्याची विचारपूस

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. कोमट पाण्यानं खांदा शेकायचा, मग हळद आणि लोणी चोळायचं. जू बसून बसून जिथं घट्टा पडलेला असतो तिथं माणसाचा हात जरा जास्त वेळ रेंगाळतो आणि बैल मान खाली घालून निमूट उभा राहतो. बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं दापोरा हे माझं आजोळ. सरकार मध्य प्रदेशचं, बाजार आणि सोयरीक खान्देशाशी. तिथं लहानपणी मी ही मळणी दरवर्षी पाहिली. ज्याच्या हातात लोण्याची वाटी असायची त्या सालदाराचा स्वतःचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. हे मला दिसलं ते मात्र डॉक्टर होऊन परत गेल्यावर.

तो केळीचे घड वाहायचा. चांगल्या बागेतला घड वीस-पंचवीस किलो भरतो. कापणीच्या दिवशी बागेतून बांधावर, बांधावरून गाडीत. खांद्यावर वाळलेल्या पानांची नाहीतर गोधडीच्या तुकड्याची गादी, आणि घडाचा दांडा धरायला एक हात सतत वर. अशा किती खेपा होतात, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

खांद्याचे विकार, त्यांवरच्या शस्त्रक्रिया आणि त्यामागचं संशोधन या विषयाच्या उंबऱ्यावर वाचकाचं स्वागत करताना मला हे दोन खांदे शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. अस्थिरोगाचे विद्यार्थी आणि फिजिओथेरपिस्ट हे वाचतीलच. पण ज्याला रात्री खांद्याच्या कुशीवर झोपता येत नाही, असा साधा वाचकही आत यावा.

बैलाला गळ्याचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय छातीला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात आणि त्या स्नायूंच्या झोळीत त्याचं धड तोललेलं असतं. आता तुमचं बोट गळ्याखालच्या खाचेशी न्या आणि तिथून बाहेरच्या बाजूला सरकवा. लागतं ते हाड म्हणजे जत्रुकास्थी. छातीच्या हाडाशी तिचा जो लहानसा सांधा आहे, तेवढ्याच एका ठिकाणी आपला अख्खा हात धडाला हाडानं जोडलेला आहे. बाकी सगळं मांसाच्या आणि दोऱ्यांच्या भरवशावर. पाठीवरचा फरा बरगड्यांवरून सरकतो, आणि फऱ्याच्या कडेला असलेल्या उथळ बशीत दंडाच्या हाडाचा गोल फिरतो. गोल मोठा, बशी लहान. कोणत्याही क्षणी गोलाचा फार तर तिसरा-चौथा हिस्सा बशीला टेकलेला असतो. हात सरळ वर नेताना साधारण दोन भाग हालचाल या सांध्यात आणि एक भाग फऱ्याच्या सरकण्यात होते. म्हणून दुखरा खांदा तपासताना पाठीमागून पाहायचं, आणि सदरा काढायला लावून पाहायचं. हे मी विद्यार्थ्यांना सांगून दमलो आहे.

सुश्रुतानं सांध्यांचे आठ प्रकार सांगितले. त्यात कक्षेचा, म्हणजे काखेचा सांधा त्यानं जांघेच्या सांध्याबरोबर ‘उलूखल’ वर्गात घातला. उलूखल म्हणजे आपलं उखळ. जांघेला हे वर्णन चपखल बसतं. खांद्याला तितकं बसत नाही, कारण इथलं उखळ जेवणाच्या बशीइतकं उथळ आहे. पण त्याच संहितेत निखळलेला खांदा बसवण्याची रीतही आहे: काखेत मुसळ घालून दंड वर उचलायचा आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिकाच्या आकाराचं बंधन बांधायचं. उखळाच्या आजारावर मुसळाचा उपचार! तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेत काखेत टाच रोवून हात ओढत. आणि खांदा पुन्हा पुन्हा निखळत असेल तर काखेत तापलेल्या सळईनं डाग देत, म्हणजे तिथं कातडं आणि ऊती आखडून दार बंद होईल. उपाय भयंकर होता, पण तर्क अडाणी नव्हता. पुढची दोन हजार वर्षं शल्यविशारद वेगवेगळ्या मार्गांनी हेच दार बंद करत होते.

दार नेमकं कुठं मोडतं, हे ठसवलं लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट यांनी, १९२३ मध्ये. बशीच्या काठाला कूर्चेची एक कड असते. ती बशीला थोडी खोली देते. खांदा पुढे निखळताना ही कड समोरून सुटते आणि मग परत चिकटत नाही. ती जागच्या जागी शिवणं म्हणजे बँकार्ट दुरुस्ती. आज ती दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून होते. काठाचं हाडच झिजलेलं असेल तर लातार्जे यांनी १९५४ मध्ये सांगितलेली शस्त्रक्रिया कामी येते: फऱ्याचं चोचीसारखं टोक कापून बशीच्या पुढच्या काठावर स्क्रूनं बसवायचं. २०२१ च्या मार्चमध्ये पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर श्रेयस अय्यरनं चेंडू अडवायला झेप घेतली आणि त्याचा डावा खांदा दुखावला, तेव्हा शस्त्रक्रियेची बातमी घराघरात पोचली. कबड्डीत पकड करताना ज्यांचे खांदे असेच निखळतात, ती पोरं मात्र आधी हाडवैद्याकडे जातात. ताजा निखळलेला खांदा हाडवैद्य पुष्कळदा बसवतोही. भीती जुन्याची. तीन-चार आठवडे उलटलेला खांदा जोरानं ओढला तर दंडाचं हाड मोडू शकतं, काखेतली रोहिणी फाटू शकते. या विषयातलं एकच वाक्य गावाच्या चावडीवर लिहायचं झालं, तर मी हे लिहीन.

उथळ बशीतल्या गोलाला सावरून धरणारे चार स्नायू फऱ्यावरून निघतात आणि त्यांच्या पट्ट्या गोलाला वरून-मागून-पुढून वेढतात. सदऱ्याच्या बाहीचा कफ मनगटाला वेढतो तसे. म्हणून नाव रोटेटर कफ. ‘तुमचा कफ फाटलाय’ असं सांगितल्यावर एका आजीबाईंनी मला विचारलं होतं, छातीतला कफ खांद्यात कसा गेला, आणि फाटला तर बरंच झालं की! तेव्हापासून मी पट्टी म्हणतो.

ही पट्टी फाटते, हे ठामपणे सांगणारा माणूस बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. १९११ मध्ये त्यानं फाटलेली पट्टी शिवल्याचं प्रसिद्ध केलं आणि १९३४ मध्ये खांद्यावरचा त्याचा ग्रंथ आला. पण मला तो जवळचा वाटतो तो त्याच्या खिशातल्या कार्डांमुळे. प्रत्येक रोग्यासाठी एक कार्ड: तक्रार काय, निदान काय, काय केलं, आणि वर्षभरानं माणूस कसा आहे. बरा नसेल तर का नाही. चूक शल्यविशारदाची, यंत्रणेची की रोगाची? मोठ्या इस्पितळांनी हा हिशेब उघड करावा, असं त्याचं म्हणणं होतं. ते कुणालाच रुचलं नाही. १९१४ मध्ये त्यानं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. स्वतः काढलेल्या छोट्या इस्पितळातल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्यानं छापला, त्यात १२३ चुका कबूल केल्या. १९१५ च्या एका सभेत तर त्यानं वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं व्यंगचित्र लावलं. शहामृग डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडतंय! व्यवसायबंधू तुटले. १९४० मध्ये तो वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१४ उजाडलं.

त्याची कार्डं मात्र जिंकली, जरा उशिरानं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स नीअर यांनी मांडलं की हात वर करताना पट्टी वरच्या हाडाच्या टोकाखाली घासते. ते टोक तासलं की दुखणं थांबेल. कल्पना सुटसुटीत होती आणि दुर्बीण आल्यावर ही तासणी जगभर सर्रास झाली. मग २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ३१३ रोग्यांवरचा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापला. काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, काहींना काहीच केलं नाही. तासलेले आणि नुसते पाहिलेले सारखेच निघाले. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघंही किंचित बरे, पण रोग्याला जाणवेल इतका फरक नाही. त्याच वर्षी फिनलंडमधूनही असाच निष्कर्ष आला. माझ्या पिढीनं ही शस्त्रक्रिया मन लावून शिकली होती. मीही केल्या आहेत, आणि रोगी हसत घरी गेले आहेत. ते कशानं हसत होते, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

पन्नाशीच्या आसपास, मधुमेह्यांत जास्तच, खांदा हळूहळू आखडत जातो. या दुखण्याला ‘गोठलेला खांदा’ हे इंग्रजी नाव कॉडमननंच दिलं. जपानी लोक त्याला सरळ पन्नाशीचा खांदा म्हणतात. बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत सैल होतो. व्यायाम आणि सुईनं औषध, भूल देऊन हात फिरवणं, की दुर्बिणीतून आवरण कापणं, यांतलं काय सरस, हे ब्रिटनमध्ये ५०३ रोग्यांवर तपासलं गेलं (२०२०). कुणीच ठळकपणे पुढे नव्हतं.

खांदाच बदलायचा, हा विचार वाटतो तितका नवा नाही. १८९३ मध्ये पॅरिसला पेआँ यांनी क्षयानं खाल्लेला खांदा काढून त्या जागी प्लॅटिनमची नळी आणि रबराचा गोळा बसवला. क्षय हटेना, म्हणून पुढे तो काढावाही लागला. नीअर यांनी १९५० च्या दशकात धातूचा गोळा आणला. तुटलेल्या खांद्यांना तो उपयोगी पडला. पण पट्टीच उरली नसेल तर नुसत्या गोळ्याला कोण सावरणार? इथं दिजाँच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये सगळं उलटं केलं. फऱ्याच्या बशीवर गोळा बसवला आणि दंडाच्या टोकावर वाटी. उखळाच्या जागी मुसळ, मुसळाच्या जागी उखळ. त्यामुळे फिरण्याचा मध्य आत आणि खाली सरकतो, आणि खांद्यावरचा मोठा त्रिकोणी स्नायू एकटा हात उचलू लागतो. ज्या म्हाताऱ्यांना केस विंचरता येत नव्हते त्यांना ते जमू लागलं. या क्षेत्रात माझ्या हयातीत घडलेली सर्वांत हुशार गोष्ट हीच, असं मी मानतो. एवढंच की ती ओझं वाहणाऱ्या चाळिशीच्या माणसासाठी नाही.

त्या माणसाबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? इथं मला जपानमधलं एक गाव आठवतं. तिथल्या ६६४ रहिवाशांच्या खांद्यांची सोनोग्राफी झाली. निष्कर्ष २०१३ मध्ये छापले गेले. पन्नाशीच्या आत कुणाचीच पट्टी फाटलेली नव्हती, पण पन्नाशीनंतर दर दशकाला आकडा चढत गेला आणि ऐंशी ओलांडलेल्यांत तिघांमागे एकाहून जास्त. एकंदर १४७ जणांची पट्टी फाटलेली निघाली, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांची काहीच तक्रार नव्हती. म्हणजे चित्रात फाटलेलं दिसलं म्हणून शिवायचं, असं होत नाही. उलट बाजूही आहे. फाटून वर्षं झालेला स्नायू सुकतो, त्यात चरबी शिरते. गुटालिए यांनी १९९४ मध्ये या चरबीच्या पायऱ्या लावून दिल्या, आणि वरच्या पायरीवर पोचलेली पट्टी शिवूनही धरत नाही. मजूर बहुधा तेव्हाच येतो. आधी आला तरी सहा आठवडे हात झोळीत आणि घडाला हात लावायला साधारण सहा महिने, हे ऐकून तो उठून जातो. त्याचं चुकतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

असा अभ्यास केळीच्या पट्ट्यात व्हावा, ही माझी जुनी इच्छा. अडचणी साध्या नाहीत. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र पिशवीत घालून गावोगाव फिरता येत नाही. तो कायदा हवाच, तेव्हा परवानग्या काढून, नोंदणी करूनच हे करावं लागेल. दुसरी अडचण प्रश्नांची. ऑक्सफर्डचा खांद्यासाठीचा बारा प्रश्नांचा तक्ता जगभर वापरतात. त्यात विचारतात: सुरी-काट्यानं जेवता येतं का? ताटल्यांचा ट्रे खोलीतून नेता येतो का? कपाटात कपडे टांगता येतात का? दापोऱ्यात हे प्रश्न जसेच्या तसे विचारले तर लोक सौजन्यानं ‘हो’ म्हणतील आणि तक्ता भरेल.

गेल्या पोळ्याला मी त्या सालदाराच्या मुलाजवळ बसून आमचे प्रश्न लिहून काढले. तोही घड वाहतो. भाकरी थापताना खांदा भरून येतो का, हा त्याच्या बायकोचा. डोक्यावरून सदरा काढता येतो का. डोक्यावर पदर घेताना हात अडतो का. देवळातली घंटा कोणत्या हातानं वाजवता. त्या कुशीवर झोप लागते का. शेवटचा त्यानं स्वतः घातला: घड खांद्यावर घेताना दुसऱ्यानं उचलून द्यावा लागतो, की आपला आपण घेता येतो?