परका कोण?

सभा गाजवणारे वक्ते आपण पुष्कळ पाहतो. आवाज चढतो, एखादा शेर फेकला जातो, टाळ्या पडतात. (शेराचा दोष आम्हा कवींकडेही येतो, ते असो.) पण ज्या भाषणांवरून खटला झाला आणि ज्यांचा शब्दन् शब्द हायकोर्टात तपासला गेला, अशी दोन भाषणे आपल्या नगरात झाली. तारखा ३१ मे आणि १ जून १९१६, वक्ते लोकमान्य टिळक, विषय स्वराज्य.

टिळकांची वाणी फुलोऱ्याची नव्हती. ओसरीवर बसून बोलावे तसे ते बोलत. ऐकणाऱ्याच्या मनातली शंका आपणच विचारायची आणि आपणच तिचे उत्तर द्यायचे. महिनाभर आधी बेळगावात त्यांनी देव आणि पुजारी यांचा दाखला दिला होता. बादशहा म्हणजे देव, नोकरशाही म्हणजे पुजारी. देव नको असे आम्ही म्हणत नाही, पुजारी बदला. वारकऱ्याला हे फोड करून सांगावे लागत नाही, आणि वक्ताही कायद्याच्या तावडीतून सुटतो.

नगरला त्यांनी एकच शब्द हाती धरला : परका. मलिक अहमदने वसवलेले हे गाव, मालोजी भोसल्यांनी चाकरी केली ती निजामशाही इथली. परका म्हणजे परधर्मी, असे कुणी सहज समजला असता. टिळक म्हणाले, परकेपणा धर्मात नाही, कातडीच्या रंगातही नाही. तो हितसंबंधात आहे. इथले मुसलमान राजे इथेच राहिले, त्यांची मुलेबाळेही इथलीच. देशाचे हित करील तो मुसलमान असो वा इंग्रज, परका नव्हे.

माझ्यासारखा नगरी मुसलमान या जागी थांबतो. १८९३च्या दंग्यानंतरचा ‘केसरी’ही मला ठाऊक आहे, तिथली भाषा ही नव्हती. मग ही सभा पाहून केलेली मांडणी का? तसे असते तर त्याच डिसेंबरात लखनौ कराराला त्यांनी पाठिंबा दिला नसता. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा तो करार अनेक हिंदू पुढाऱ्यांना रुचला नव्हता.

२३ जुलैला, साठाव्या वाढदिवशीच, टिळकांच्या हाती नोटीस पडली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. पुरावा होता पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपलेल्या भाषणांचा. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला; सुटे शब्द वेचू नका, भाषण सबंध वाचा, असा त्यांचा रोख होता. टिळकांच्या बाजूने कोर्टात उभे होते बॅरिस्टर महंमद अली जिना.